बाबांना वाचून दाखव

१४ ऑगस्ट

प्रिय ताई,

पोचलो. सामानासकट पोचलो हे विशेष, कारण बस दोनदा बदलावी लागली आणि दुसऱ्या बसच्या टपावर माझी बॅग कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून बसली होती. बुटांना अजून वास येतोय.

क्लबनं स्टेडियमच्या मागच्या गल्लीत खोली दिलीये, दुसऱ्या मजल्यावर. खाली एक कुलपं दुरुस्त करणारा बसतो, दिवसभर कानस घासत. खोलीत दोन खाटा, एक कपाट, एक खिडकी. खिडकीतून मैदानाचा फक्त एक कोपरा दिसतो, कॉर्नरचा झेंडा रोवतात तेवढाच. दुसऱ्या खाटेवर आमचा गोली, म्हणजे गोलकीपर. भला माणूस, पण दुपारी झोपला की झोपेत ‘सोड, माझा! माझा!’ असं ओरडतो. पहिल्या दिवशी मी चटकन बाजूला झालो, सवयीनं.

हा माझा चौथा क्लब आणि वय एकोणतीस. या वयाच्या डिफेंडरला अनुभवी म्हणतात. बत्तिसाव्या वर्षी काय म्हणतात ते ऐकायला कुणी शिल्लक राहत नाही. करार एका वर्षाचा, मेअखेरपर्यंत.

शनिवारी पहिली मॅच झाली. बाबांना वाचून दाखव: एक-एक. त्यांचा गोल माझ्यामुळे. कॉर्नरला मी माझा माणूस सोडून चेंडूकडे बघत राहिलो. अर्धा सेकंद असेल. त्यांचा नऊ नंबर माझ्या खांद्यामागून आला आणि त्यानं डोकं लावलं. बाकीच्या मॅचमध्ये काय केलं ते काही लक्षात नाही. हां, एकदा पास देताना घसरलो. तेही सांग, नाहीतर म्हणतील लपवलं.

उजवा गुडघा जरा कुरकुरतोय. प्रवासानं असेल.

तुझी ड्यूटी कशी चाललीये? बाबांना नमस्कार.

तुझा
लांब्या

३ सप्टेंबर

प्रिय लांब्या,

तुझं पत्र बाबांना तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा त्यांनी स्वतः भिंग घेऊन वाचलं, मी काही गाळलं की काय ते बघायला. त्यांचा निरोप असा: ‘त्याला सांग, कॉर्नरला चेंडू कुठं पळून जात नाही, माणूस पळून जातो. एक हात माणसाच्या अंगाला लागलेला पाहिजे, पंचाला दिसणार नाही असा.’ वीस वर्षं पंचगिरी करून मुलाला हे शिकवतात!

रविवारी अजून शिट्टी गळ्यात अडकवून शाळेच्या मैदानावर जातात. परवा पोरांच्या मॅचमध्ये दोन पेनल्ट्या दिल्या, दोन्ही एकाच संघाविरुद्ध. हरलेल्या पोरांचे बाप भांडत भांडत आपल्या दारापर्यंत आले. बाबांनी त्यांना आत बसवलं, चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं की खरं म्हणजे तिसरीही द्यायला हवी होती.

सोमवारच्या पेपरात तुमच्या लीगचे नुसते आकडे येतात. तरी बाबा त्यात तुझं नाव शोधतात. मी म्हटलं, अहो, डिफेंडरचं नाव दोनदाच छापतात, एकदा स्वतःच्याच गोलात मारला की आणि एकदा मैदानातून हाकलला की. न आलेलंच बरं. तर म्हणाले, ‘वरच्या डिव्हिजनला गेले की सगळ्यांची नावं येतात, अकराच्या अकरा.’ तेव्हा आता तेवढं बघ बाबा. पाणीखात्यात तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवले त्यांनी, त्यांचं नाव कुठंच छापून आलं नाही. तुझं आलं तर आपलंच आल्यासारखं होईल त्यांना.

आता गुडघ्याचं. मी अकरा वर्षं हाडांच्या वॉर्डात आहे, मला प्रवासाच्या गोष्टी सांगू नकोस. सूज आहे का? जिना चढताना दुखतो की उतरताना? नीट लिही. क्लबच्या फोनवर दोनदा प्रयत्न केला. कुणीतरी ‘मैदानावर आहे’ म्हणून ठेवून दिला. त्यापेक्षा पत्र बरं, निदान मधेच ठेवता येत नाही.

ताई

१६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

उतरताना.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. आधी बाबांचं. त्यांना वाचून दाखव: बाहेरच्या मैदानावर शून्य-शून्य, तेही पहिल्या नंबरच्या संघाशी. पण मी दोनदा ऑफसाइडची रेघ मोडली. सगळे पुढं सरकले आणि मी एकटाच मागं राहिलो, लग्नाच्या फोटोत एखादा भलतीकडं बघत असतो तसा. एकदा गोलीनं वाचवलं आणि एकदा त्यांच्याच माणसानं आकाशात मारला. शेवटी मला पोटरीत गोळा आला, तेव्हा मी चेंडू सरळ प्रेक्षकांत भिरकावला. एका बाईंच्या छत्रीला लागला.

मॅच संपल्यावर कोचनं येताजाता माझ्या पाठीवर थाप मारली. तो बोलत नाही फारसा. गोली म्हणतो, ही थाप वर्षाला दोघांच्याच वाट्याला येते. आम्ही लीगमध्ये तिसरे आहोत. पहिले दोन संघ वरच्या डिव्हिजनला जातात.

पुढचं पान फक्त तुला. बाबांना वाचू नकोस.

ताई, तिसऱ्या मॅचपासून इंजेक्शन घेतोय. सुई टोचली की दहा मिनिटांत गुडघा जणू दुसऱ्या कुणाचा होतो. मॅचभर काही कळत नाही. रविवारी मग भिंत धरून मोरीपर्यंत जायचं. तू रागावणार हे माहीत आहे. पण नाही घेतलं तर बाकावर बसायचं. माझ्या जागेवर एकवीस वर्षांचा एकजण टपून आहे, माझ्याहून दोन बोटं उंच. बिचारा रोज मला ‘पाय कसा आहे?’ विचारतो. मनापासून विचारतो, तेच वाईट. तो एकदा बाकावरून उठला की मी पुन्हा उठणार नाही. फक्त मेपर्यंत.

लांब्या

५ नोव्हेंबर

लांब्या,

वॉर्डात मला सगळे सिस्टर म्हणतात, एक तू सोडून, ज्याचा खरा हक्क आहे. तेव्हा आज सिस्टर म्हणूनच लिहिते. त्या सुईनं काहीही बरं होत नाही. आत जे झिजतंय ते झिजतच राहतं, तुला फक्त कळायचं बंद होतं. माझ्याकडं असे लोक येतात, पस्तिशीतले, कुबड्या घेऊन, आणि सगळे हेच वाक्य म्हणतात, ‘फक्त एवढा सीझन.’ पुढची सुई घेण्याआधी तुमच्या डॉक्टरला एक्स-रे काढायला सांग आणि मला पाठव. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

बाबा ठणठणीत. थंडी आहे म्हणून रविवारची शिट्टी सध्या बंद ठेवलीये. त्यांची खाट पुढच्या खोलीत आणली, तिथं उजेड चांगला येतो. जेवण थोडं कमी झालंय, पण या वयात होतंच. माझी पुष्कळ रजा साठली होती, ती सगळी एकदम घेऊन टाकली. अकरा वर्षांत कंटाळा येणार की नाही माणसाला? घरी बसून छान वाटतंय. कपाटं आवरली.

छत्रीवाल्या बाईचं ऐकून बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. रोज विचारतात, ‘आता कितवे आहेत?’ तू घरचं काही डोक्यात ठेवू नकोस. तुझं तू बघ.

ताई

१८ जानेवारी

(हे पत्र पाकिटात घातलं, पण पेटीत टाकलं नाही.)

प्रिय ताई,

संपलं.

गेल्या शनिवारी, तेविसाव्या मिनिटाला. कुणी लाथ मारली असती तर निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. माझ्या आसपास कुणीच नव्हतं. लांबून एक साधा चेंडू येत होता, मी वळलो आणि पाय वळला नाही. आवाज गोलीलासुद्धा ऐकू आला. मी इंजेक्शन घेतलेलं होतं, त्यामुळं दुखलं नाही. मी उठून उभा राहायला गेलो आणि खाली बसलो. पुन्हा उठलो, पुन्हा बसलो. लोक हसले. त्यांना वाटलं, वेळ काढतोय.

डॉक्टर म्हणाला, ‘चालशील. जिना जपून.’ मी विचारलं, ‘आणि पळणं?’ तो हात पुसत होता. म्हणाला, ‘कशाला?’

कोच काल खोलीवर आला. बसला नाही. ‘करार मेपर्यंत आहे, तोवर खोली तुझी. पण सरावाला येत जाऊ नकोस, पोरांचं मन खचतं.’ दारातून वळून म्हणाला, ‘तू चांगला होतास.’ होतास.

मी खाटेवर बसून आहे. उद्या बसमध्ये बसलो तर परवा सकाळी घरी. पण बाबा दाराशी येतील आणि आधी माझ्या पायांकडं बघतील. ते तोंडाकडं नंतर बघतात. तुला माहीत आहे ना? काय सांगू मी त्यांना? दारातच सांगू, की आत येऊन, चहा झाल्यावर? ताई, तू आधी हळूच सांगशील का? की नको

२१ जानेवारी

प्रिय ताई,

मधे पत्र झालं नाही, सराव फार होता. एक्स-रे काढला. किरकोळ आहे म्हणाले. सुया बंद केल्या. आता शाबासकी दे.

बाबांना वाचून दाखव: परवा दोन-शून्य! घरच्या मैदानावर. काय मॅच झाली, ताई! मैदान थंडीनं कडक झालेलं, चेंडू दगडासारखा उसळत होता आणि लोक पहिल्या मिनिटापासून उभे. सतराव्या मिनिटाला त्यांचा दहा नंबर एकटाच सुटला. मी तिरका धावत जाऊन घसरत चेंडू काढला, त्याच्या बुटाला न लागता. सगळं स्टेडियम ओरडलं. मग कॉर्नरवर मी दोघांच्या वर उडी मारून हेडर काढला, तो थेट मधल्या रेषेपर्यंत गेला आणि त्यातूनच आपला पहिला गोल झाला. दुसऱ्या हाफमध्ये एकदा गोली चकला होता, पण मी रेषेवर उभा होतो आणि छातीनं चेंडू अडवला. शेवटची दहा मिनिटं त्यांनी आपल्या बाजूला येणंच सोडून दिलं. संपल्यावर आम्ही सगळे हात धरून लोकांसमोर गेलो. ऊन तिरकं पडलं होतं.

आम्ही अजून तिसरे, पण आता एकाच गुणाचं अंतर आहे.

तुझा
लांब्या

४ फेब्रुवारी

प्रिय लांब्या,

तुझ्या पत्रानं मला इतका आनंद झाला की काय सांगू. मला मेलीला खेळातलं काही कळत नाही, पण वाचताना अंगावर काटा आला. आणि सुया बंद केल्यास त्याबद्दल शाबास.

पण बाबांची गंमत ऐक. सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर छताकडं बघत राहिले आणि म्हणाले, ‘हा खेळत नाहीये.’ मी म्हटलं, ‘म्हणजे?’ ‘खेळलेला डिफेंडर असं लिहीत नाही. त्याला आपलं काय चुकलं तेवढंच आठवतं. एवढं सगळं बाहेर बसलेल्याला दिसतं.’ मी चांगलीच भांडले. म्हटलं, मुलानं इतकं मन लावून लिहिलंय आणि तुम्ही त्यातही पेनल्टी शोधता! तर त्यांनी पत्र घडी करून उशीखाली ठेवलं.

तू मनावर घेऊ नकोस. म्हातारपणी माणूस जरा संशयी होतो. पुढच्या वेळी दोन चुका लिही बाबा, असतील नसतील त्या, म्हणजे त्यांचा जीव थंड होईल!

बाकी सगळं ठीक. मी रजा अजून थोडी वाढवलीये. भेटायला येण्याच्या भानगडीत मधेच पडू नकोस, इतक्या जवळ आलात तर आता सीझन पुरा कर. मेमध्ये निवांत ये.

ताई

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

बाबांना सांग, त्यांचा संशय बरोबर होता. म्हणजे चुका लपवल्याचा. ही घे, वाचून दाखव: शनिवारी एक-दोन हरलो आणि दोन्ही गोल माझ्या बाजूनं झाले. पहिल्याला मी माझा माणूस आतल्या बाजूला वळू दिला. त्याला बाहेर ढकलायला हवं होतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. दुसऱ्याला मी गोलीला ओरडलोच नाही. मला वाटलं तो येतोय, त्याला वाटलं मी काढतोय. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे आणि चेंडू मधून गेला. खोलीवर आल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. अजून बोलत नाहीये.

बाबा खरंच ठणठणीत आहेत ना? तुझं अक्षर या वेळी वेगळं वाटलं, मांडीवर कागद धरून लिहिल्यासारखं.

मेमध्ये येतो. इकडं सराव फार असतो, मान वर करायला वेळ नाही.

लांब्या

२७ फेब्रुवारी

(तार)

बाबा गेले आज सकाळी. लगेच निघ. ताई

२२ मार्च

लांब्या,

तू परत गेल्याला तीन आठवडे होत आले. मी ठरवलं होतं की लिहायचं नाही. पण गप्प बसून माझंच डोकं फिरायची वेळ आलीये.

तू टॅक्सीतून उतरलास आणि आपल्या तीन पायऱ्या चढलास. अकरा वर्षं मी माणसं चालताना बघतेय. पहिल्या पायरीलाच मला कळलं, हा पाय कधीच गेलाय. दारात लोक होते म्हणून बोलले नाही. मग चार दिवस तू होतास. रोज मला वाटायचं, आज सांगेल. तू म्हणत राहिलास, ‘सरावात जरा लागलं.’ जाताना मोरीत नळ सोडून रडलास, तेही मी ऐकलं.

परवा कामावर रुजू झाले आणि ऑफिसातून तुमच्या क्लबला फोन लावला. तुझं नाव सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘तो? तो जानेवारीपासून खेळत नाही हो.’ मी म्हटलं, ‘फेब्रुवारीत दोन गोल त्याच्या बाजूनं झाले ना?’ तो म्हणाला, ‘बाई, तो तेव्हा मैदानावरच नव्हता.’

तू त्या खोलीत रिकामा बसून होतास. आणि मी इथं एकटी बाबांना कुशीवर वळवत होते. त्याला दोन माणसं लागतात, लांब्या. वॉर्डात आम्ही दोघी मिळून करतो. मी एकटी करायचे, दर तीन तासांनी, आणि त्यांना दुखायचं, कारण एकट्या माणसाला ते हळू जमत नाही.

हो, मीही लपवलं. ऑक्टोबरअखेर कळलं होतं. पोटात गाठ होती, पसरलेली, डॉक्टरांनी पोट उघडून तसंच शिवलं. बाबा म्हणाले, त्याला सीझनभर कळवायचं नाही, आणि मला ते पटलं. ठणठणीत म्हणून लिहिताना माझा हात कसा चालला, माझं मला माहीत. पण मी लपवलं ते तू खेळतोयस म्हणून. तू कशासाठी लपवलंस?

ताई

३ एप्रिल

ताई,

सोबत एक जुनं पत्र आणि एक्स-रे पाठवतोय. पत्र जानेवारीतलं आहे. पेटीपर्यंत गेलो होतो. पेटी रस्त्याच्या पलीकडं होती, मी अलीकडं उभा राहिलो आणि परत आलो.

कशासाठी, ते मला सांगता येत नाही. पहिल्या दिवशी लाज वाटली. मग पहिलं खोटं पत्र गेलं आणि त्यानंतर लाजेपेक्षा ते पत्र मोठं झालं. मी रोज सकाळी सरावाचे कपडे घालून बसायचो. गोली निघून गेला की काढायचो. त्यालाही माहीत होतं, मलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. तो जाताना म्हणायचा, ‘येतोस?’ मी म्हणायचो, ‘हो पुढं, आलोच.’ दोन महिने. शनिवारी खिडकीत उभं राहायचं. त्या कोपऱ्यात कॉर्नर पडला की काहीतरी दिसायचं. बाकीचं तो आल्यावर सांगायचा, ते मी तुम्हाला लिहायचो. तुझं ‘हा खेळत नाहीये’ वालं पत्र आलं, तेव्हा मी बॅग भरली होती. खरंच भरली होती. मग तू खाली गमतीत चुका लिहायला सांगितल्या होत्यास. मी बॅग रिकामी केली आणि चुका शोधत बसलो.

एकवीस वर्षांचा तो चांगला खेळतोय. तरी संघ आता पाचवा आहे.

तुझ्यावर माझा राग नाही. तुझा माझ्यावर असणारच, तो काढू नकोस असं म्हणण्याचं माझं तोंडही नाही. फक्त एक सांग, आणि खरं सांग. बाबांनी मला बोलावलं होतं का? शेवटी?

लांब्या

२ जून

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलं नाही. पत्ता बदललाय म्हणून लिहितोय.

खोली सोडली. गोली दुसऱ्या क्लबला गेला. बॅग उचलून खाली आणायला त्यानंच मदत केली, आणि खाली आल्यावर काय बोलावं ते दोघांनाही सुचेना, म्हणून आम्ही कुलूपवाल्याचा निरोप घेतला.

मे महिन्यात एका कारखान्याच्या संघानं चाचणीला बोलावलं. जायला नको होतं. पट्टी घट्ट बांधून गेलो आणि दहा मिनिटं पळालो. त्यांचा मॅनेजर सभ्य होता. त्यानं मला पाणी दिलं, सावलीत बसवलं आणि परतीची बस कुठून सुटते ते समजावून सांगितलं.

आता बस स्टँडवर पार्सलच्या खिडकीत बसतो. बसून करायचं काम आहे. वजन करायचं, चिठ्ठी चिकटवायची, मागं सरकवायचं. मागं सरकवायला दुसरा माणूस आहे, मला वाकता येत नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं ओळखलं. म्हणाला, ‘तुम्ही खेळायचा ना? ते मैदानात पुन्हा पुन्हा उठून बसत होता, तेच ना?’ मी म्हटलं, हो, तोच.

सुट्टीत घरी येऊ का? चार दिवस. जमिनीवरसुद्धा झोपेन. आणि मी विचारलं होतं त्याचं लिही. काय असेल ते लिही.

लांब्या

१९ जुलै

लांब्या,

घर सोडलं. मालकाला हवं होतं आणि मलाही पुढच्या खोलीतून जाताना त्रास व्हायचा. आता नर्सेसच्या क्वार्टरमध्ये आहे, एका खोलीत तिघीजणी. पुरुषांना फाटकाच्या आत सोडत नाहीत, भावालाही नाही. त्यामुळं ये म्हणून लिहिता येत नाही. फाटकाबाहेर उभं राहून काय बोलणार आपण?

एक्स-रे आमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवला. बराच वेळ बघितला त्यांनी. काही होण्यासारखं नाही. जिन्याची खोली घेऊ नकोस आणि पार्सलच्या खिडकीत उंच स्टूल असेल तर पायाखाली काहीतरी ठेवायला माग. वर्षागणिक वाढत जाईल, तेव्हा मनाची तयारी ठेव.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोनदा लिहून फाडलं. एकदा ‘हो, सारखे विचारत होते’ असं लिहिलं होतं. ते तुला बरं वाटलं असतं की वाईट, ते मला ठरवता येईना. पण आता खोटं लिहायचं नाही, एवढं ठरवलंय.

बोलावलं नव्हतं. शेवटच्या रविवारी मीच विचारलं, ‘त्याला तार करू का?’ पूर्ण शुद्धीवर होते. ‘नको,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘मॅचसाठी नको म्हणता का? एक चुकली तर काही बिघडत नाही.’ तर म्हणाले, ‘मॅच कुठली त्याला? तो इथं आला की माझ्यासमोर उभं राहून सांगावं लागेल त्याला. नको. राहू दे तिकडंच.’

मला राग आला. वाटलं, आता डोकं काम करत नाहीये यांचं. मी उठून तुझं ते दोन चुकांचं पत्र आणलं आणि त्यांच्या उशाशी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं, मोठ्यानं, एकेक शब्द. गोली आणि तू एकमेकांकडं बघत उभे राहिलात आणि चेंडू मधून गेला, तिथं तर मी दोनदा वाचलं. म्हटलं, ‘आता? आता पटलं?’

डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, ‘बरं, खेळतोय. तू म्हणतेस तर खेळतोय.’

त्यानंतर तुझा विषय त्यांनी काढला नाही. बुधवारी गेले.

ताई